एक गाऊन जास्त

कॉलेजच्या पदवीदान समारंभाचे काळे गाऊन इस्त्री होऊन दुकानात टांगले, तेव्हा सासऱ्यांच्या ध्यानात आलं, एक जास्तीचा आहे.

"हा कुणाचा?"

"माझा," सून शिलाई मशीनवरून न उठताच म्हणाली. "यंदा बारावीला बाहेरून बसतेय. मग तीन वर्षं कॉलेज. तोवर अंगाने सुटलेच तर उसवता यावा म्हणून शिवणीत कापड जास्त सोडलंय."

सासऱ्यांचं टाळकंच सरकलं. "दोन पोरांची आई तू! हे खूळ आत्ताच्या आत्ता डोक्यातून काढ!"

सुनेने मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवलं. कटकट्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी तिथे होती: 'एकदा कात्री लागली की ऑर्डर रद्द होणार नाही.'