दाराचं भिंग

समोरच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला, तसा उलरिक बूट घालून आतच थांबला. दाराच्या भिंगाला डोळा लावून त्याने समोरच्या गुनिल्लाबाईंना जिना उतरू दिला. म्हातारी भेटली की बोलावं लागतं. स्टॉकहोममध्ये सगळेच असं करतात.

संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चेत पाहुणा म्हणून बसलेला तो तावातावाने म्हणाला, "मोबाइलने आपल्याला माणूसघाणं केलंय. म्हातारी माणसं एका शब्दाला महाग झालीत!" टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीत नेमक्या गुनिल्लाबाईच समोर आल्या.

"काल अगदी माझ्या मनातलं बोललात."

उलरिकने नजर चुकवली.

"माझ्यामुळे तुमचा रोज खोळंबा होतो ना? पण आता कळतं मला. तुमच्या दाराच्या भिंगातला उजेड गेला, म्हणजे तुम्ही दारामागे उभे. मग मी भराभर उतरते. गुडघे दुखतात, पण तुम्हाला उशीर नको व्हायला."