अनवाणी किक

"शशिकांत भालकीकर येतायत, पुण्याहून!" गौतमनं फोनवर सांगितलं आणि नरहर उदगीरकरांच्या कपातला चहा बशीत सांडला.

"कोण?"

"अहो, कप्तान! गुलशन मिलच्या जुन्या टीमचे तुम्ही दोघंच तर राहिलात. क्लबला पंचाहत्तर वर्षं होतायत, उद्घाटनाची किक दुसरं कोण मारणार? ते पण पहिल्यांदाच येतायत. दोनदा विचारलं त्यांनी, नरहर नक्की येणार का म्हणून."

दोनदा विचारलं! म्हणजे कप्तानाला सगळं ठाऊक आहे, नरहरांना वाटलं.

"माझी तब्येत जरा..."

"नक्को, नक्को! बहाणे नक्को. ईशानं सगळ्या मुलींना सांगून ठेवलंय."

गौतम क्लबचा सेक्रेटरी. त्याला नाही म्हणणं म्हणजे भिंतीशी बोलणं. आणि ईशा नरहरांची नात, क्लबच्या मुलींच्या संघातली गोलकीपर. बाकीच्या पोरी गोल मारायला धडपडायच्या, ही गोल अडवायला उभी राहिली ती केवळ आजोबांमुळे. त्रेसष्ट सालच्या फायनलमध्ये ज्यांनी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली, त्या आजोबांमुळे.

आता गंमत बघा. ती पेनल्टी अडवली गेली तेव्हा नरहर विद्यानगरच्या खोलीत आतून कडी लावून बसले होते.

गिरण्यांच्या त्या स्पर्धेत फक्त कामगारांनाच खेळता यायचं. गुलशन मिलकडे धड गोलकीपर नव्हता. मग लेबर ऑफिसरनं कुठल्याशा गल्लीतून एक पोरगा शोधून आणला आणि हजेरी खात्यातल्या नरहरला केबिनमध्ये बोलावलं. "तुझं नाव त्याला वापरू दे. बाकी दहा आपलेच आहेत, फक्त गोलकीपर बाहेरचा. मॅचच्या दिवशी तोंड दाखवू नकोस." नोकरी नवीन, वय बावीस. नरहरनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं. फोटो नाही, नुसतं नाव. महिन्याभरात नारायणगुड्याला मुलगी बघायला गेले, तर तिचे वडील म्हणाले, "तेच का हो हे नरहर?" नरहर गप्प बसले. झालं! शांता लग्न होऊन घरात आली, पुढे जगाचा निरोपही घेऊन गेली, पण नरहरांचं तोंड काही उघडलं नाही. पुढे गिरणी बंद पडली, क्लब तेवढा मैदानाला चिकटून राहिला. त्याच्या एकाही समारंभाला ते फिरकले नव्हते.

पण कप्तान? आपल्या गोलकीपरचा चेहरा कप्तान विसरेल होय? "हा कोण?" एवढं त्यानं विचारलं की संपलं सगळं. तेही ईशाच्या देखत. लोक हसले असते तर नरहरांनी सोसलं असतं, पण त्या पोरीचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढे आलं की ते ताट सरकवून उठायचे.

आदल्या दिवशी ईशा त्यांच्या पायांशी येऊन बसली. "आजोबा, उद्या बूट काढायचे हं. तुम्ही सगळे अनवाणी खेळायचात ना, म्हणून पहिली किक अनवाणीच मारायची. क्लबची रीत आहे." मग त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "जुन्या प्लेयर्सची नखं फुटलेली असायची म्हणे, अंगठे वाकडे. तुमचे पाय तर एकदम साफ!"

"गोलकीपरला कुठं धावायचं असतं?" नरहर म्हणाले. ईशा हसली. त्यांनी मात्र पाय चादरीत ओढून घेतले.

मैदानावर मांडव होता, खुर्च्या होत्या, आबिड्सच्या बाजारातून आणलेले हार होते. गाडी थांबली. पुष्कर नावाच्या आपल्या नातवाचा हात धरून शशिकांत भालकीकर उतरले आणि नरहरांसमोर येऊन उभे राहिले. चष्मा सावरून बघतच राहिले.

आता बोलतोय, नरहरांना वाटलं. देवा, आता बोलतोय!

"अरे नरहर!" भालकीकरांनी एकदम मिठीच मारली. "काय ती पेनल्टी, वा!"

टाळ्या कडाडल्या. ईशानं तर शिट्टी मारली. म्हाताऱ्याची नजर अधू झाली असणार, दुसरं काय! देवच पावला म्हणायचा.

दोघांना मध्यभागी खुर्च्यांवर बसवलं. ईशानं आजोबांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. पुष्कर वाकला, तसे भालकीकरांनी पाय मागे घेतले.

"राहू दे रे, थंडी आहे."

"नक्को साब," गौतम हसत म्हणाला, "रीत म्हणजे रीत! फॉरवर्डला खेळलेला माणूस, दहा वर्षं अनवाणी धावलात आणि आज थंडीला भिता?"

बूट निघाले, मोजे निघाले. नरहरांनी सहज खाली पाहिलं.

गोरे, मऊसूत पाय. अंगठे सरळ, नखं सगळी शाबूत.

नरहर बघतच राहिले. आपण बघतोय हे भालकीकरांना दिसलंय, हेही त्यांच्या उशिरा लक्षात आलं. भालकीकरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पुष्कर चेंडू आणायला वळला तेवढ्यात ते नरहरांच्या कानाशी झुकले.

"नरहरराव, तुम्ही त्या टीममध्ये खरोखर खेळलेले. माझ्या नावावर दुसराच खेळायचा, मी तो नव्हे, हे तुम्ही बघताक्षणीच ओळखलं असणार. पाया पडतो तुमच्या, माझ्या नातवासमोर तेवढं बोलू नका."