ज्याचं निमित्त, त्याचा केक

केक हातात, पिशवी खांद्याला, आणि ताट राहिलं घरी! केतेवान जिन्यातच चरफडली. कालची अख्खी संध्याकाळ घालवून केलेला आठ थरांचा मधाचा केक, तो काय आता खोक्यातून वाढायचा?

तिनं डावीकडच्या दाराची घंटा वाजवली. जर्मनीतल्या कासेल शहरातल्या त्या मजल्यावर दोनच ऑफिसं, दोन्ही पुलांची डिझाइनं करणाऱ्या इंजिनिअरांची. उजवीकडचं वेंडलरचं, रशियाशेजारच्या जॉर्जिया देशातून आलेली केतेवान सहा महिन्यांपूर्वी तिथं लागली होती. डावीकडचं आलर्सबाईंचं. वेंडलर आणि आलर्सबाई यांच्यात विस्तव जात नव्हता.

बाईंनी निळ्या काठाचं मोठं ताट आणून दिलं.

"आजच ना?"

"आजच."

"ताटाची घाई नाही हं," म्हणत बाईंनी दार लोटलं.

आज केतेवानचं प्रोबेशन संपत होतं. अकरा वाजता वेंडलर सगळ्यांसमोर निकाल सांगणार होता. नापास झालीस की नोकरी गेली, आणि नोकरीच्या मागोमाग जर्मनीत राहायचा परवानाही, हे तो तिला येता-जाता ऐकवायचा. गावी, कुताइसीत, आईनं गल्लीभर पेढे वाटावेत तशी लेकीच्या नोकरीची बातमी वाटली होती. हात हलवत परत जायचं? का म्हणून? डोकं शाबूत, डिग्री खणखणीत. मेलं तरी परत जायचं नाही, एवढं केतेवाननं पक्कं केलं होतं.

आत शिरताच उलरिके हसली. पलीकडच्या टेबलावरची ही एकटीच तिच्याशी धड बोलायची.

"केक! शाबास गं! आत्ता कुठं शिकलीस."

शिकायला वेळच लागला होता. मार्चमध्ये केतेवानचा वाढदिवस होता. तिच्या गावी असा दिवस असला की ऑफिसातले लोक टेबल मांडतात, वाढदिवसवाल्यानं फक्त खुर्चीत बसायचं. ती बसली. दिवस मावळला तरी कुणी हूं की चूं केलं नाही. घरी जाऊन ढसाढसा रडली. दुसऱ्या दिवशी उलरिकेनं कपाळावर हात मारला होता.

"अगं बाई, आम्ही तुझ्या केकची वाट बघत होतो! तू आणला नाहीस, आम्हाला वाटलं तुला नको असेल. इथं ज्याचं निमित्त, त्याचा केक. वाढदिवस असो, बाळ होवो, नवीन माणूस येवो की जुना जावो, ज्याचं त्यानंच आणायचं."

"हा काय उफराटा न्याय!" केतेवान तेव्हा म्हणाली होती.

आता उलरिके तिच्या कानाशी लागली. "म्हाताऱ्याला गोड फार आवडतं. विरघळेल बघ."

"बघू," केतेवान म्हणाली.

वेंडलर काही विरघळणाऱ्यातला नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं तिची कात्या करून टाकली. केतेवान म्हणे जिभेला जड जातं. रशियानं ज्या देशावर रणगाडे घातले, त्या जॉर्जियाच्या बाईला रशियन नावानं हाक म्हणजे जखमेवर मीठच. तिनं चारदा सांगितलं, त्यानं चारदा हसण्यावारी नेलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला रजा मागितली तर म्हणाला, "रजा कुठं पळून जाते? साठव. आणि प्रोबेशनमध्ये जपून हं. दोन आठवड्यांची नोटीस, कारण सांगायची गरज नाही. कायदा आहे." आणि तिनं आखलेला पादचारी पूल नगरपालिकेत दाखवायची वेळ आली तेव्हा त्यानं तिला कॉफी द्यायला उभं केलं. आपला आराखडा घेऊन आलर्सबाईही आल्या होत्या तिथं. कप घेताना त्यांनी विचारलं, "हा उतार कुणी काढलाय? झकास आहे." केतेवाननं तोंड उघडायच्या आत वेंडलर म्हणाला, "आम्ही."

त्या दिवशी केतेवान रडली नाही. कप तेवढे जरा जोरात आपटले.

अकरा वाजले. सगळे टेबलाभोवती जमले. वेंडलरनं पहिला तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि न विचारता दुसरा घेतला. तिसरा संपल्यावर त्यानं काट्यानं कप वाजवला.

"कात्या, घाबरली होतीस ना? पास! उद्यापासून नोकरी पक्की. पगार अर्थात तोच."

टाळ्या पडल्या. उलरिकेनं तिला मिठीच मारली. केतेवाननं सगळ्यांचे आभार मानले, शेवटचा तुकडा उलरिकेच्या बशीत घातला आणि रिकामं ताट धुऊन पुसून आणलं. मग खांद्याला पिशवी अडकवली.

"कुठं निघालीस?" वेंडलरनं विचारलं. "आणि हो, केक झाला, निमित्त काय ते सांगितलंच नाहीस. पास होणार हे माहीत होतं वाटतं?"

"नाही. निरोपाचा होता."

"कुणाच्या?"

"माझ्या." तिनं एक पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. "दोन आठवड्यांची नोटीस. साठवलेली रजा तेवढीच आहे, म्हणजे आजचा शेवटचा दिवस. कारण सांगायची गरज नाही."

वेंडलरच्या मिशीला मध लागला होता. तो पुसायचंही त्याला सुचेना.

"अगं, वेड लागलंय का? आणि परवाना? तो माझ्या नोकरीवर आहे!"

"होता." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि वेंडलरसाहेब, नाव केतेवान आहे. सवय करून घ्या, जिन्यात रोज भेटू. आता एवढं ताट समोर देऊन येते, आणि घरी जाऊन दुसरा केक करायला घेते. आलर्सबाईंकडेही नवीन माणसानंच आणायचा असतो."