कुणाकडचे अण्णा?

"हे आईकडचे," म्हणत दादाने अण्णांचा फोटो डावीकडच्या ढिगात टाकला.

"आईकडचे कसे? बाबांकडचे," धाकटी म्हणाली आणि तो उचलून उजवीकडे ठेवला.

दादाने तो परत डावीकडे सरकवला. आईबाबांच्या माघारी उरलेले जुने फोटो दोन्हीकडच्या नातेवाइकांना वाटून टाकायचे, म्हणून बहीणभाऊ जेवणाच्या टेबलावर दोन ढीग करत बसली होती. काका, आत्या, मामा, मावशी पटापट ओळखू आले. घोडं अडलं ते अण्णांपाशी. दर रविवारी घरी जेवायला येणारे, कमी बोलणारे, उंच अण्णा.

एरवी दोघं हसून मोकळी झाली असती. पण अण्णा उद्या धाकटीकडे कायमचे राहायला येणार होते. त्यांची इमारत पाडायला काढली होती. आणि धाकटी नर्स. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे तिची रात्रपाळी असली की सात वर्षांची लेक घरात एकटी पडायची. दोन्ही प्रश्न एकदम सुटले म्हणून ती खुशीत होती. अण्णांच्या खोलीला रंगसुद्धा लावून झाला होता.

दादा विमा कंपनीत दावे तपासायचा. सख्ख्या बायकोच्या शिंकेवरही संशय घेणारा माणूस. त्याने लगेच आत्याला फोन लावला.

"अण्णा?" आत्या जरा थांबली. "तुमच्या आईकडचे कुणीतरी ना ते?"

मग मावशीला. मावशीही थांबली. "तुझ्या बाबांकडचे असतील. आणि आता कशाला रे नसत्या चौकशा?" तिने फोनच ठेवून दिला.

दादाचा चेहरा उतरला. "म्हणजे ते कुणाचेच नाहीत. इतकी वर्षं एक परका माणूस आपल्या पंगतीला बसत होता आणि आपल्याला पत्ताच नाही!"

"काहीतरीच काय? अरे, अण्णा..." त्यांची बाजू घ्यायला म्हणून धाकटी फोटो चाळू लागली आणि एकेक बाजूला काढू लागली. सहलीचा फोटो, शाळेच्या बक्षीस समारंभाचा, तिच्या लग्नाचा. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते. अण्णा एकटे तिच्याकडे बघत होते. ती अंगणात खेळत असली की ते खिडकीत येऊन उभे राहायचे, तेही आठवलं. हल्ली तिच्या लेकीकडे ते तसंच टक लावून बघायचे. आजवर तिला ती माया वाटली होती. आता अंगावर काटा आला.

"फोन लाव," दादा म्हणाला. "येऊ नका म्हणून सांग. कारण काहीही दे."

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. तोवर दादाने फोटो उलटे करून मागच्या तारखांप्रमाणे ओळीने मांडले. हा माणूस घरात शिरला कधी, ते त्याला हवं होतं.

"सापडला!" त्याने एका फोटोवर बोट ठेवलं. "हा पहिला. याच्या आधी एकाही फोटोत नाहीत ते."

फोटोत अण्णा दारात उभे होते. त्यांचं बोट धरून, नव्या बुटांत, दीडेक वर्षाची धाकटी. त्याच्या आधीचा फोटो महिन्याभरापूर्वीचा होता. आई, बाबा आणि तीन वर्षांचा दादा. त्याच्या आधीही तिघंच. आईच्या कडेवरचा दादा, रांगणारा दादा, पाळण्यातला दादा. दादा प्रत्येक फोटोत अण्णांना शोधत होता. धाकटी स्वतःला शोधत होती.

"हं, बोल बाळा," पलीकडून अण्णांचा आवाज आला. मग जरा घाबरून, "उद्या नको का येऊ?"

दादा हातवारे करत होता. सांग, सांग लवकर.

"या ना अण्णा," धाकटी म्हणाली. तिला रडू आवरेना. "आणि येताना माझ्या आईचा एखादा फोटो असेल, तर तेवढा घेऊन या."