आपलाच आहे

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या रक्तातल्या राखणदार पेशीच तुमचं यकृत कुरतडतायत. त्यांना आवरणाऱ्या पेशी कमी पडल्या. आता आजार औषधांनाही दाद देत नाही." मला लगेच समजलं. कारखान्याच्या फाटकावर आम्ही दोघं रखवालदार होतो. मी दिसेल त्याला अडवायचो. म्हातारबा खुर्चीतूनच ओरडायचा, "आपलाच आहे रे, सोड!" गेल्या वर्षी साहेबांनी त्याला काढलं. नुसता बसून असतो म्हणे. त्याच आठवड्यात मी साहेबांच्या सासऱ्यांना तासभर उन्हात उभं केलं. आज रजा वाढवण्याचा अर्ज द्यायला बायकोच्या आधाराने फाटकाशी पोचलो. मी आजारी पडल्यावर आलेल्या नव्या रखवालदाराने ओळखपत्रावरचा फोटो पाहिला, मग माझा पिवळा, सुजलेला चेहरा निरखला. "हे तुम्ही नाही. मागे व्हा." बायको त्याच्याशी भांडू लागली. मी तिला आवरलं. त्याच्या जागी मीही अडवलंच असतं. सवयीने म्हातारबाच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी होती.