धोंड्याचा महिना कुणाचा

अंगदनं ट्रॅक्टर मागं घेतला, खाली उतरला आणि साखळीचं टोक व्हॅनच्या पुढच्या हुकात अडकवलं. व्हॅन बापाची. बाप होता तोवर ती शाळेची पोरं लोह्याला पोचवायची. तो गेल्यापासून घरापुढच्या लिंबाखाली गंजत पडली होती. वाटण्यांत ती कुणी मागितलीसुद्धा नव्हती. आता तिच्यात आई राहत होती.

“माय, उतर खाली. भंगारवाला वाट बघून राहिला.”

आत रुक्मिणबाई वाकळेची घडी घालत होती. ती काही घाईत नव्हती.

महिनाभरात तिनं गाडीचं घर केलं होतं. सीटा काढून टाकल्या, दोन ठेवल्या आणि त्यांच्यावर फळी टाकून झोपायची सोय केली. तळाचा पत्रा गंजून भोक पडलं होतं, तिथं तेलाचा डबा कापून ठोकला. खिडक्यांना जुन्या लुगड्याचे पडदे, टपावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, उजेडाला फवारणी पंपाची बॅटरी. मागच्या दाराशी माठ, बाहेर तीन दगडांची चूल. कुत्री खाली शिरू नयेत म्हणून गाडीभोवती जमिनीपर्यंत पोती शिवून लावली होती. पोरांनी काचेवर चिकटवलेली फुलपाखरं तेवढी तिनं तशीच राहू दिली.

हे सगळं धोंड्याच्या महिन्यानं घडवलं. वाटण्या झाल्या तेव्हा दोघा भावांनी आईचे महिनेही वाटून घेतले होते. चैत्र गावात अंगदकडे, वैशाख नांदेडला दयानंदकडे, ज्येष्ठ पुन्हा गावात, असे बाराच्या बारा. शहाणी पोरं, वाटणीत सूतभर चूक नाही. यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि वर्षाला तेरावा महिना फुटला. वैशाख संपला तसं दयानंदनं आईला एसटीत बसवून दिलं. ती बोचकं घेऊन अंगदच्या दारात आली, तर सून उज्वला म्हणाली, “हा अधिकाचा हाय, आत्याबाई. आमचा ज्येष्ठ पुढचा.” लोक या महिन्यात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात. रुक्मिणबाईनं बोचकं उचललं आणि व्हॅनचं दार ओढलं.

“आजपासून निज ज्येष्ठ लागला,” अंगद म्हणाला. “आता माहा महिना हाय. मुकाट्यानं घरात ये. गाव तोंडावर थुंकून राहिलं.”

“मी लिंबाखाली निजले तवा कुणाचा महिना होता?” आतून आवाज आला.

“तवाचं तवा. आता ही फजिती बंद कर.”

“मला न्हाई यायचं. तुह्या घरात न्हाई, अन् त्याच्या बी घरात न्हाई.”

‘तो’ म्हणजे दयानंद. अंगदनं फोन केला म्हणून सकाळीच नांदेडहून मोटारसायकलवर आला होता आणि हेल्मेट हातात धरून बाजूला उभा होता. आल्यापासून त्यानं आईला एका शब्दानं विचारलं नव्हतं. उज्वला उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “माझ्या माहेरापर्यंत बोभाटा झालाय. ओढा तुम्ही.”

अंगद ट्रॅक्टरवर चढला.

“दादा, माय आत हाय.”

“उतरंल.”

त्यानं गियर टाकला. साखळी ताणली गेली. व्हॅन करकरली, पण पुढं न येता एका अंगाला कलली. आतला माठ आडवा होऊन फुटला आणि मागच्या दारातून पाणी धो धो खाली आलं. दयानंदनं वाकून पोतं वर केलं आणि तसाच ओरडला, “थांब! खाली चाकं न्हाईत.”

व्हॅन बांधावरच्या काळ्या दगडांवर बसवलेली होती. पुढचा एक दगड आता अर्धा निसटला होता. आणखी हातभर ओढलं असतं तर गाडी आईसकट खाली आदळली असती. हे अंगदलाही दिसलं. त्यानं ट्रॅक्टर बंद केला, पण तोंड बंद केलं नाही.

“कुणी काढली चाकं?”

“पंक्चरवाल्या शिवकुमारनं. मी काढायला लावली.” रुक्मिणबाई खाली उतरली. तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. आधी तिनं फुटक्या माठाकडं पाहिलं, मग पोराकडं. “चाकं असली की कुणी बी ओढतं. इतके दिवस मलाच होती.”

ती लिंबाच्या मागं गेली आणि ताडपत्री ओढून बाजूला केली. एक चाक ढकलत आणून तिनं अंगदच्या पायाशी पाडलं, मग दुसरं. उरलेली दोन दयानंदच्या मोटारसायकलला टेकवून ठेवली. तिला धाप लागली होती. मदतीला कुणी हात पुढं केला नाही, आणि केला असता तर तिनं तो झिडकारला असता.

“दोन तुला, दोन तुला. नीट बघून घ्या. मागून भांडण नको.”

दोघंही चाकांकडं बघत उभे राहिले. पण उज्वलाची नजर लिंबाच्या बुंध्याकडं होती.

“अन् ती स्टेपनी?”

रुक्मिणबाईनं स्टेपनी ओढत आणली, व्हॅनच्या दारापुढच्या चिखलात आडवी टाकली आणि पायानं दाबून पक्की केली.

“ती धोंड्याची,” ती म्हणाली आणि तिच्यावर पाय देऊन घरात गेली.