व्हेरी हुशार

“माय डॉटर इज व्हेरी... व्हेरी...” भाग्यश्रीची जीभ टाळ्याला चिकटली आणि तोंडातून निसटलं, “हुशार!”

टेबलापलीकडच्या सेन मॅडम हसल्या. शेजारी मृणालने मान खाली घातली. मग मॅडमनी भाग्यश्रीला बाहेर थांबायला सांगितलं.

अख्ख्या कोलकात्यात मृणालला अकरावीसाठी हीच शाळा हवी होती. मुलाखतीला आईवडील दोघं हवेत, निदान आई तरी, असा तिथला नियम. नवरा अभिषेक कंपनीच्या कामाने बंगळुरूला. त्यामुळे कऱ्हाडच्या मराठी शाळेत शिकलेली भाग्यश्री आरशासमोर उभी राहून इंग्रजी घोटत होती. सगळं मुसळ केरात!

मृणाल मात्र उड्या मारतच बाहेर आली.

“आई, पार माती खाल्लीस गं! पण टेन्शन नको, मी सांभाळून घेतलंय.”

फाटकाबाहेर तिने आईला पुचके, म्हणजे इथली पाणीपुरी, खाऊ घातले, वर आणखी तिखट मागून घेतलं. किती मोठ्या मनाची पोर आपली, भाग्यश्रीला वाटलं. तिखटामुळे डोळे पुसायची सोयही झाली.

शाळेकडून मात्र काहीच कळेना. खालच्या घोषबाईंच्या मुलीला तिथेच प्रवेश मिळाला, मिठाईचा डबा वर आला. भाग्यश्रीने तो न उघडताच बाजूला ठेवला.

“एवढंच सांगितलं होतं ना, नुसती हसत बस म्हणून?” अभिषेक फोनवर म्हणाला.

“बाबा, तिला काही बोलू नका!” मृणाल मध्येच ओरडली.

लेकीने बाजू घेतली, तशी भाग्यश्रीला आणखीच लाज वाटली.

“मी जाऊन भेटते मॅडमना. पाया पडते.”

“मुळीच नाही! माझी शपथ आहे तुला!” मृणालचा चेहरा पांढरा पडला.

आईचा पुन्हा अपमान नको म्हणून जीव तुटतोय बिचारीचा. भाग्यश्रीने शपथ ऐकली आणि दुसऱ्या दिवशी, मृणाल क्लासला गेल्यावर, मोडली. सियालदहच्या गर्दीतून वाट काढत ती शाळेत पोचली तेव्हा साडीच्या निऱ्यांचा पार चोळामोळा झाला होता.

सेन मॅडमनी लगेच ओळखलं, बसायला सांगितलं. भाग्यश्री उभीच राहिली. हात जोडून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, “मॅडम, चूक माझी आहे. माझ्यामुळे मृणालला शिक्षा नका देऊ.”

“शिक्षा? छे!” मॅडमही हिंदीतच बोलल्या. “उलट तुम्ही बाहेर गेल्यावर तिने स्वतःहून सगळं खरं सांगितलं. फार आवडलं आम्हाला ते. तिची जागा राखून ठेवलीय. फक्त तिच्या आईंना एकदा भेटायचंय.”

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“तुम्ही त्यांच्या घरी कामाला आहात, तुम्हाला ठाऊक असेल. परदेशातून कधी परतणार आहेत त्या?”